वाचक विचारतात : हार्त्सच्या जंगलातली खाणकामगारांची तळी

हानोवरच्या आग्नेयेला शंभरेक किलोमीटरवर हार्त्स नावाचा जंगली, डोंगराळ मुलूख आहे. जर्मनीत राहणारी मराठी कुटुंबं आणि उन्हाळ्यात मुलांकडे जाणारे आई-वडील तिथल्या तळ्यांवर हमखास जातात. त्यांच्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (पुणे) : मुलगा हानोवरला असतो. नकाशात क्लाउस्टाल-त्सेलरफेल्ड या गावाभोवती डझनावारी छोटी तळी दिसतात. खाणी बंद पडल्यावर खड्ड्यांत पाणी साचून ती झाली असावीत, असं तो म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : नाही. तळी खाणींचीच आहेत, पण खाणी चालू असताना, त्या चालाव्यात म्हणून मुद्दाम बांधलेली. एवढं आधी ध्यानात घेऊन गेलात तर तिथला प्रत्येक चर आणि बांध काहीतरी सांगू लागेल. नाहीतर ती नुसती सुंदर तळी.

या डोंगरात चांदी, शिसं, तांबं, जस्त होतं. ते मिळायचं अरुंद, खोल जाणाऱ्या शिरांमध्ये, त्यामुळे उभ्या विहिरींसारख्या खाणी खणाव्या लागल्या. जितकं खोल जावं तितकं भूजल आत येतं. उपसा थांबला की खाण बुडाली. उपशाला रोज, अखंड ताकद हवी आणि वाफेचं इंजिन तेव्हा नव्हतं. पुढे ते आलं तरी इथे दगडी कोळसा नव्हता आणि रेल्वे क्लाउस्टालला पोचली ती थेट 1877 मध्ये. तोवर माणसं, घोडे आणि वरून पडणाऱ्या पाण्यावर फिरणारी प्रचंड लाकडी चाकं, मुख्यतः एवढंच हाताशी होतं. म्हणजे खालचं पाणी बाहेर काढायला वरचं पाणी आणायचं. पाऊस आणि वितळलेला बर्फ डोंगरमाथ्यावर तळ्यांत अडवायचा, चरांतून खाणीच्या तोंडापर्यंत न्यायचा, चाकावर सोडायचा. एका चाकावरून पडलेलं पाणी तसंच वाया घालवत नसत. ते खाली दुसऱ्या, मग तिसऱ्या चाकावर घेत. कित्येक चाकं जमिनीच्या पोटात दगडात कोरलेल्या खोल्यांत बसवलेली होती. शेवटी हे वापरलेलं पाणी आणि उपसलेलं पाणी, दोन्ही एका खोल, जवळजवळ आडव्या बोगद्यातून डोंगराच्या पायथ्याशी बाहेर पडे. त्यातला एर्न्स्ट-आउगुस्ट बोगदा 1864 मध्ये पुरा झाला. शाखा धरून तो तीस किलोमीटरहून लांब आहे.

या सगळ्या व्यवस्थेचं नाव ‘ओबरहार्त्सर वासररेगाल’. यातल्या ‘रेगाल’चा अर्थ राजाचा हक्क. पाण्यावरचा आपला हक्क राजानं खाणींना दिला होता आणि शेतकरी, गिरणीवाले यांच्या आधी खाणीला पाणी मिळे. मुख्य बांधकाम सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातलं. 107 जुनी तळी, 310 किलोमीटर चर आणि 31 किलोमीटर पाण्याचे बोगदे आज युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. गोस्लार शहर आणि रामेल्सबेर्गची खाण 1992 मध्ये त्या यादीत आली, तिला ही पाणीव्यवस्था 2010 मध्ये जोडली गेली.

प्रश्न (गोंदिया) : आमच्याकडे मालगुजारी तलाव आहेत. पाळ, सांडवा, तुडुम ही सगळी रचना घरच्यासारखी माहीत आहे. हार्त्सच्या तळ्यांची पाळ कशाची आणि पाणी सोडायची सोय काय? बांधावर उभं राहून नेमकं काय बघावं?

उत्तर : तुमच्या तलावांशी नातं जवळचंच आहे. दरीच्या तोंडाला मातीची पाळ घालायची, जादा पाणी बाजूच्या सांडव्यानं जाऊ द्यायचं आणि तळातून हवं तेवढं सोडायचं, ही कल्पना तीच. वेगळेपण दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट पाळीच्या पोटातली. पाणी अडवायला चिकणमाती हवी. ती या खडकाळ माथ्यावर फारशी नव्हती, म्हणून त्यांनी गवत वापरलं. कुरणातून मुळांसकट गवताच्या लाद्या कापायच्या, एकावर एक रचून ठासायच्या आणि त्यांची सलग भिंत उभी करायची. ओली राहिली तोवर ही भिंत दाबून घट्ट बसते आणि पाणी जाऊ देत नाही. वाळली तर मात्र आक्रसते, भेगा पडतात. म्हणून तळं फार दिवस रिकामं ठेवणं पाळीला सोसत नाही. जुन्या पाळींत ही गवती भिंत पाण्याच्या बाजूला होती, वर माती-दगडाचं पांघरूण. गळती झाली की तळं उपसा, पांघरूण काढा, मग दुरुस्ती, असा सगळा खटाटोप. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून भिंत पाळीच्या मधोमध घालू लागले. तिला वरूनच खणून हात घालता येई, तळं रिकामं करण्याची गरज उरली नाही.

दुसरी गोष्ट पाणी सोडण्याची, म्हणजे तुमचा तुडुम. इथे त्याला ‘श्ट्रीगल’ म्हणतात. पाळीच्या तळातून ओकच्या कोरलेल्या ओंडक्याची नळी आरपार जाते. तिच्या पाण्याकडच्या टोकाला वरून भोक असतं आणि त्यात लाकडी बूच. बुचाला लांब दांडा, दांडा वर झोपडीत. दांडा उचलला की पाणी सुटतं, किती उचलला त्यावर किती सुटायचं ते ठरतं. पाण्याखाली हवा पोचत नसल्यानं ओक पिढ्यान्‌पिढ्या कुजत नाही. कधी ओलं, कधी कोरडं अशा पट्ट्यात मात्र तो लवकर जातो. जुनी झोपडी काठापासून आत पाण्यात असे आणि तिच्याकडे लाकडी पूल जाई. थंडीत बर्फ जमलं की त्याच्या दाबानं पूल आणि खांब मोडत. पुढे पाळीतच उभी विहीर घेऊन बूच तिच्यात आणलं, तेव्हा तो त्रास संपला.

बिघाड कुठे होतो तेही तुम्हाला ओळखीचं वाटेल. पाला-फांद्या भोकात अडकतात आणि बूच पुरतं बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे पाणी नळीच्या आतून न जाता नळीच्या बाहेरच्या अंगानं वाट काढतं. पाळीच्या पायथ्याशी झिरपा दिसला आणि तो स्वच्छ असला तर बहुधा चिंता नसते. गढूळ असला तर पाळीतली माती वाहून चालली आहे असं समजायचं. पाळीवर झाडं का नाहीत, गवत कापलेलं का, त्याचं कारणही हेच : वादळात झाड पडलं तर मुळांसकट पाळीचा लचका तोडून नेतं.

बांधावर उभे राहिलात की पाण्याकडे पाहायच्या आधी चार गोष्टी शोधा. बुचाची झोपडी कुठे आहे. सांडवा कोणत्या बाजूला, आणि तो मुरमात आहे की पक्क्या खडकात. बाजूच्या उतारावरून जवळजवळ सपाट येणारा चर कुठून तळ्यात शिरतो, कारण स्वतःच्या ओढ्यावर भरणारी तळी इथे थोडीच. चौथी गोष्ट पाठीमागे, खालच्या अंगाला : झाडांतून दुसऱ्या तळ्याचं पाणी चमकतं का. क्लाउस्टालची फाउएनटाइश तळी अशीच एकाखाली एक आहेत, बुंटेनबॉक गावाजवळही अशी साखळी दिसते. ‘टाइश’ म्हणजे तळं.

प्रश्न (ब्राउनश्वाइग) : एकच दिवस आहे. मुलं सात आणि दहा वर्षांची. कुठे जावं?

उत्तर : ओडरटाइश. आमचं मत विचाराल तर पहिल्या भेटीला दुसरीकडे जाऊच नका. 1715 ते 1722 मध्ये बांधलेलं हे तळं साधारण 17 लाख घनमीटर पाणी धरतं आणि त्याचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जर्मनीतला सर्वांत मोठा होता. इथे गवताच्या भिंतीऐवजी ग्रॅनाइटचा बारीक, कुजलेला चुरा ठासला आहे आणि बाहेरून ग्रॅनाइटचे घडीव दगड लावले आहेत. सगळं हातानं केलेलं. मुलांना बांधावरून खाली उतरवा आणि पायथ्याशी उभं करून वर बघायला सांगा. किती उंच, ते मग आपोआप कळतं.

बांध ‘बे 242’ या रस्त्याला लागूनच आहे, गाडीतळही तिथेच. सकाळी नऊ-साडेनऊच्या आत पोचा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्यानंतर जागा मिळणं कठीण. तळ्याला पुरी फेरी चारेक किलोमीटरची. वरच्या टोकाला, ओडर नदी तळ्यात येते तिथे दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट घातली आहे. बाकी वाट मुळं आणि दगडांची. बाबागाडी नेऊ नका, लहान मूल असेल तर पाठीवरची झोळी घ्या. मुलांबरोबर थांबत-थांबत दोन तास धरा. ओल्या फळ्यांवर पाय सटकतो, तेव्हा खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत. फळ्या सोडून दलदलीत उतरू नका. तुमच्यासाठी ते धोक्याचं आहेच, शिवाय तिथलं शेवाळ एका पावलानं दबलं तर सावरायला वर्षं लागतात.

मग डबा खाऊन दुसरा टप्पा : रेबेर्गर ग्राबेन. ‘ग्राबेन’ म्हणजे चर. बांधापासून निघणारा हा चर सात-सव्वासात किलोमीटर डोंगराच्या कडेनं जात सांक्ट आंद्रेआसबेर्गच्या खाणींना पाणी पुरवी. आजही त्यात पाणी वाहतं आणि वाट अगदी त्याच्या काठानं जाते. चर आधीचा, 1703 पर्यंत झालेला. त्याला कोरड्या दिवसांत पाणी पुरेना म्हणून नंतर तळं बांधलं. वाटेत चर राखणाऱ्याचं घर लागतं, तिथे आता खानावळ आहे. ती कोणत्या वारी बंद असते ते निघण्याआधी पाहा, खाण्याचं मात्र सोबत ठेवाच. पुढे किंवा मागे ‘ग्योटे प्लाट्झ’ नावाच्या जागी खडकाची भिंत दिसेल. कवी ग्योटे 1783 मध्ये इथे आले ते खडक पाहायला : खाली ग्रॅनाइट आणि त्यावर बसलेला, उष्णतेनं भाजून कडक झालेला काळा खडक. दोन्हींची सीमा मुलांना बोट लावून दाखवता येते.

मुलं दमली तर चराच्या घरापासून माघारी वळा. पुढे गावापर्यंत गेलात तर परतीची बस आधी बघून ठेवा, कारण संध्याकाळी आणि रविवारी फेऱ्या कमी असतात. दरड किंवा पडलेल्या झाडांमुळे वाट मधेच बंद असू शकते. हार्त्स राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर बंद वाटांची यादी असते, ती आदल्या रात्री पाहा.

प्रश्न (हानोवर) : नकाशात ‘ओडर’ टाकलं आणि भलत्याच मोठ्या धरणावर पोचलो.

उत्तर : ते ओडरटालश्पेर्रे, बाड लाउटरबेर्गजवळचं 1930 च्या दशकातलं धरण. नदी तीच, ठिकाण बरंच खाली. शोधताना शेवट ‘टाइश’ आहे का ते पाहा. ‘टालश्पेर्रे’ असेल तर ते नवं मोठं धरण. झ्योसे, ओकर, इनर्स्टे या नावांचंही तेच.

प्रश्न (नाशिक) : वय 68, गुडघे कुरकुरतात. मुलगी म्हणते डोंगर आहे, नको. आम्ही काहीच बघू नये का?

उत्तर : जरूर बघा. तुमच्यासाठी तर हे उत्तम ठिकाण आहे, आणि त्याचं कारण चरांतच आहे. पाणी उंचावर राखायचं तर चराला उतार अगदी नाममात्र द्यावा लागतो, डोळ्यांना तो जाणवतही नाही. चर डोंगराला वळसे घालत एकाच उंचीनं जातो. काठानं जाणारी वाट मूळची चर राखणाऱ्याची रोजची पायवाट, म्हणून तीही सपाट. गाडीतळ चराजवळ असला की चढ-उतार जवळजवळ संपले. मात्र वाट अरुंद असते, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला उतार. काठी घ्या आणि एकामागे एक चाला.

आल्टेनाऊ आणि क्लाउस्टालच्या मधे श्पेर्बरहायर डाम आहे, तिथून सुरुवात करा. हा पाणी अडवणारा बांध वाटेल, पण आहे पाणी वाहून नेणारा. मधल्या खोलगट भागावरून डामग्राबेन हा मोठा चर पलीकडे न्यायचा होता, म्हणून 1732 ते 1734 मध्ये जवळपास किलोमीटरभर लांब आणि सर्वांत उंच जागी सोळा मीटर असा मातीचा भराव घातला आणि चर त्याच्या डोक्यावरून नेला. रस्ता शेजारूनच जातो. अर्धा तास चालून चराच्या काठावर बसलात तरी खूप पाहिलंत.

चरावर जागोजागी छोटी लाकडी दारं दिसतील. त्यांचं नाव ‘फेलश्लाग’. मुसळधार पावसात किंवा बर्फ एकदम वितळलं की चर काठोकाठ भरून फुटायची भीती. तेव्हा राखणदार ही दारं उघडून पाणी दरीत सोडून देई. एक ठिकाण फुटलं की खालचा अख्खा चर कोरडा आणि खाणीतली चाकं बंद, म्हणून हे लोक चराजवळच राहत. हिवाळ्यात चरांवर फळ्या आणि स्प्रूसच्या फांद्या घालत. त्यावर बर्फ पडे, ते गोधडीसारखं ऊब राखी आणि खालचं पाणी वाहतं राही.

प्रश्न (क्लाउस्टालमधली विद्यार्थिनी) : पाणी कोकाकोलासारखं तपकिरी आहे. खाणीचं प्रदूषण ना? त्यात पोहावं का?

उत्तर : रंग खाणीचा नाही. वरच्या दलदलीत हजारो वर्षांचं अर्धवट कुजलेलं शेवाळ साचलं आहे, त्यातून पाणी गाळून येतं आणि चहा उतरावा तसा रंग उतरतो. असं पाणी थोडं आम्ल असतं. बहुतेक तळी खाणींच्या वरच्या बाजूला आहेत, तेव्हा खाणीतलं पाणी त्यांत यायला वाटच नाही.

पोहण्याचा निर्णय मात्र तळं पाहून घ्यायचा. काही तळ्यांचं पाणी पिण्यासाठी राखलेलं आहे, तिथे पाय बुडवणंसुद्धा मना. ‘बाडेन फरबोटेन’ म्हणजे ‘पोहण्यास मनाई’ अशी पाटी असेल तर विषय संपला. उन्हाळ्यात ओडरटाइशच्या बांधाजवळ लोक पोहताना दिसतील, हानेनक्ले आणि बुंटेनबॉकजवळही पोहण्याची तळी आहेत. जीवरक्षक आहेच असं गृहीत धरू नका. तपकिरी पाण्यात हातभर खालचं दिसत नाही, म्हणून उडी कधीही मारू नका. खाली ओंडके, दगड काहीही असतं. जुलैतसुद्धा पाणी वर कोमट आणि कमरेखाली बर्फासारखं लागतं. भारतात पोहायला शिकलेल्यांचा घात इथे होतो : एकदम शिरल्यावर श्वास अडकतो आणि हातपाय चालेनासे होतात. मान आणि छाती आधी भिजवा, हळूहळू शिरा, काठाला समांतर पोहा, एकटी जाऊ नका. बुचाची झोपडी, सांडवा आणि चराची तोंडं यांपासून लांब राहा. आत पाणी किती जोरानं ओढलं जातंय ते वरून कळत नाही.

प्रश्न (डिचोली, गोवा) : आमच्याकडे लोखंडाच्या खाणींचे खंदक पाण्यानं भरले आहेत. हार्त्ससारखं इथेही पर्यटन व्हावं असं बोललं जातं. तुमचं मत?

उत्तर : दोन्ही पाणी सारखं समजू नका. हार्त्सचं तळं पाणी धरण्यासाठीच बांधलं, म्हणून त्याला उथळ काठ, सांडवा आणि पाणी सोडायची सोय आहे. गोव्यातला खंदक उघड्या खाणीतून दगड काढत खाली-खाली गेला. खाण चालू असताना पंप लावून तो कोरडा ठेवत. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या आणि भूजल आणि पाऊस आत साचत राहिले. खंदकाला उथळ काठ नाही. पायऱ्यांसारखे कापलेले टप्पे असतात आणि एका पावलावर गुडघाभर तर दुसऱ्यावर कित्येक मीटर खोल. पावसात भुसभुशीत कडा आणि वरचे मातीचे ढिगारे घसरतात. बुडालेल्या माणसाला वर चढायला धरायलाही काही मिळत नाही. शेतीला तिथलं पाणी उपयोगी पडतं, ते जरूर घ्यावं. पण कड्यांचा उतार कमी करून, कुंपण घालून, पाणी तपासून होईपर्यंत तिथे पोहणं, नौका, सेल्फीची ठिकाणं असलं काही नको, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि हार्त्स निर्धोक आहे असंही नाही. धातूचा धोका तळ्यात नसून खाली, जिथे धातू कुटला आणि वितळवला तिथे आहे. जुन्या मळीचे ढीग आणि ओकर, इनर्स्टे या नद्यांच्या काठच्या मातीत आजही शिसं आणि कॅडमियम सापडतं. उन्हाळ्यात एखाद्या उघड्याबोडक्या उतारावर फक्त छोटी गुलाबी, गोंड्यासारखी फुलं आणि विरळ गवत दिसलं तर तिथे जरा थांबून पाहा. बाकी झाडांना मारणारा धातू ही झाडं सोसतात, म्हणून जागा त्यांची. फोटो काढा, पण मुलांना त्या वाळूत खेळू देऊ नका, तिथली अळंबी किंवा बोरं तोडू नका आणि खाण्याआधी हात साबणानं धुवा.

प्रश्न (म्युनिक) : डिसेंबरात गोठलेल्या तळ्यावर चालता येतं का?

उत्तर : आम्ही नको म्हणू. साध्या स्थिर तळ्यावर एका माणसासाठी निदान 15 सेंटीमीटर बर्फ हवं असं जर्मनीतले जीवरक्षक सांगतात, पण ही तळी साधी नाहीत. आजही त्यांतून पाणी सोडलं जातं. वर बर्फ धरल्यानंतर खालची पातळी उतरली तर बर्फाखाली पोकळी होते आणि आधार नसलेलं बर्फ जाड असूनही तुटतं. चराच्या तोंडाशी वाहत्या पाण्यामुळे ते पातळच राहतं आणि वरच्या हिमामुळे ते दिसत नाही. कुणी बुडालंच तर आत धावत जाऊ नका. 112 ला फोन करा, आडवे पडून फांदी किंवा ओढणी पुढे करा.

प्रश्न (फ्रांकफुर्ट) : फोटोंत हिरवंगार जंगल होतं. प्रत्यक्षात मैलोन्‌मैल वठलेली झाडं. काय झालं?

उत्तर : 2018 पासूनच्या कोरड्या, उष्ण वर्षांत साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी स्प्रूस मारले. एरवी झाड डिंक सोडून भुंग्याला थोपवतं, पाणी न मिळालेल्या झाडाला ते जमत नाही. इतिहासही याला जबाबदार आहे. खाणीला आधारखांब, चाकं, नळ्या आणि धातू वितळवायला लाकडी कोळसा हवा होता, मूळचं मिश्र जंगल त्यात तोडलं गेलं आणि लवकर वाढणारा स्प्रूस ओळीनं लावला. एकाच जातीचं, एकाच वयाचं जंगल एकदमच कोसळलं. जवळ जाऊन पाहा : वठलेल्या खोडांच्या मधे रोवान आणि बर्चची रोपं आपोआप उगवली आहेत. हे पाहताना वाईट आणि बरं दोन्ही वाटतं.

सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी जंगलात जाऊ नका, वठलेलं झाड आवाज न करता पडतं. 1 मार्च ते 31 ऑक्टोबर नीडरझाक्सेन राज्याच्या जंगलात विस्तव आणि धूम्रपान मना आहे. चहासाठी स्टोव्हसुद्धा पेटवू नका, थर्मास न्या. कुत्रा असेल तर राष्ट्रीय उद्यानात तो कायम पट्ट्यानं बांधलेला हवा. जंगलात दिसणाऱ्या ‘रेटुंग्सपुंक्ट’ (मदतीची जागा) पाट्यांवरचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपत चला. वाट चुकलात तर 112 वाल्यांना तेवढा क्रमांक पुरतो.

प्रश्न (गॉटिंगन) : मुलाच्या मांडीला गोचीड चिकटली होती. आजीनं तेल लावलं. बरोबर?

उत्तर : नाही. तेल, नेलपॉलिश, काडेपेटी काहीच नको. त्यानं गोचीड गुदमरते आणि आतली घाण रक्तात सोडते. टोकदार चिमटा किंवा औषधांच्या दुकानात मिळणारं गोचीड काढायचं कार्ड घ्या, कातडीला अगदी टेकवून पकडा, न पिळता हळूहळू सरळ ओढा, जंतुनाशक लावा, तारीख लिहून ठेवा. पुढचे काही आठवडे तिथे पसरत जाणारी लाल कडी दिसली किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा, लाइम आजारावर वेळेत घेतलेली औषधं चांगली लागू पडतात. घरी परतल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि केसांच्या कडेला पाहायची सवय ठेवा.

प्रश्न (ठाणे) : तळी पाहिल्यावर खाणही आतून पाहायची आहे. कोणती?

उत्तर : वेळ एकीलाच असेल तर गोस्लारचं रामेल्सबेर्ग, तिथे रेल्वेनं जाता येतं. हजार वर्षांहून अधिक चाललेली ही खाण 1988 मध्ये बंद झाली. जमिनीखालची लाकडी पाणचाकं पाहायची असतील तर ‘र्‍योडर श्टोलन’ हाच मार्ग मागा, दुसऱ्या फेरीत खाणीतली छोटी गाडी असते पण ही चाकं नसतात. आत बाराही महिने साधारण 12 अंश, म्हणून उन्हाळ्यातही जाकीट घ्या. पायऱ्या आहेत आणि खाली ओल असते.

पण रेबेर्गर चर चाललेल्यांनी तोच दिवस सांक्ट आंद्रेआसबेर्गच्या ‘झाम्सोन’ खाणीत संपवावा. तळं, चर आणि आता चाक असा सगळा प्रवास पुरा होतो. तिथे पाणचाकांच्या जोडीला ‘फारकुन्स्ट’, म्हणजे कामगारांना वर-खाली नेणारी यंत्रणा आहे. 810 मीटर खोल खाणीत कामगार शिडीनं उतरत आणि दिवसभर राबून शिडीनंच चढत. त्यात फुप्फुसं आणि हृदय निकामी होई. 1833 मध्ये क्लाउस्टालकडच्या ड्योरेल नावाच्या खाण-अधिकाऱ्यानं युक्ती काढली : शेजारी-शेजारी दोन लांब दांडे, त्यांना पायठेवणी, पाणचाकाच्या जोरावर एक वर तर दुसरा खाली. दोन्ही क्षणभर थांबतात तेव्हा माणसानं एकावरून दुसऱ्यावर पाय टाकायचा आणि दर वेळी थोडं वर सरकायचं. झाम्सोनमध्ये ती 1837 मध्ये बसली, दांड्यांच्या जागी तारेचे दोर घेऊन. तारेचा दोरसुद्धा 1834 मध्ये क्लाउस्टालमध्येच विल्हेल्म आल्बर्ट यांनी तयार केला. खाण 1910 मध्ये बंद झाली. पुढे तिच्या पोटात, 130 आणि 190 मीटर खोलीवर, दोन वीजकेंद्रं बसवली. ओडरटाइशचं पाणी त्याच चरानं येऊन आजही तिथे पडतं, आणि केंद्रांची देखभाल करणारे फारकुन्स्टनंच खाली जातात.

पाहुण्यांना त्यावर उभं राहता येत नाही, पण फेरीत ती चालवून दाखवतात. पुढे सरकून कठड्याशी उभे राहा आणि दोन दोर थांबतात तो क्षण मोजा.